झाकणावरचं कुंकू

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमचं काम ते गांजाच्या औषधाचं ना? मग एक खुसखुशीत लेख द्या की. लोक आवडीनं वाचतील."

वाचतील, यात शंका नाही. माझ्या कामाचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग इकडेतिकडे बघतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "थोडंसं घरी आणता येतं का हो?" अमरावतीला माझी आई अजूनही नातेवाइकांना सांगते, "ती तिकडे बंगलोरला आयुर्वेदिक तेलं करते." तसं पाहिलं तर ते खोटं नाही.

मी फारशी बोलकी नाही. लिहायचंच असेल तर खुसखुशीत भाग लवकर संपवते आणि जे कित्येक वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं त्याकडे वळते. संपादकबाईंना छापायचं नसेल तर त्यांनी खुशाल बाजूला ठेवावं.

आधी काम काय ते सांगते. कायद्यानं या झाडाचे दोन भाग केले आहेत. फुलोरा म्हणजे गांजा. त्याच्या वाटेला आम्ही जात नाही. पान म्हणजे भांग. परवाना असेल तर आयुर्वेदिक औषधात ते चालतं. तिथं त्याचं नाव 'विजया'. उत्तरेकडून परवानाधारक ठेकेदाराकडून पोती येतात. पान तापवायचं, त्याचा अर्क काढायचा, तो शुद्ध तिळाच्या तेलात मिसळायचा, आणि ड्रॉपरच्या तपकिरी बाटलीत भरायचा. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळत नाही. काही दुखण्यांवर, विशेषतः नसांच्या, काही लोकांना त्यानं उतार पडतो. सगळ्यांना पडतो असं मी म्हणणार नाही. ते म्हणायला जाहिरात विभाग आहे.

यात माझा भाग टिकवण्याचा. स्वयंपाकाशी तुलना करायची तर पाककृती दुसऱ्यांची; लोणचं वर्षभर टिकेल की नाही ते सांगणारी मी. आणि हे लोणचं नाठाळ आहे. या पानातला जो मुख्य घटक, टीएचसी, म्हणजे ज्यानं भांग चढते आणि योग्य मात्रेत दुखणंही कमी होतं, तो हवा, उजेड आणि ऊब यांपुढे टिकत नाही. तो हळूहळू म्हातारा होतो आणि त्याचा सीबीएन नावाचा दुसराच पदार्थ होतो. बाटली तीच, रंग जवळपास तोच, वास तोच, पण आत माणूस बदललेला.

हे किती वेगानं होतं ते कळायला आमच्याकडे मोठमोठी कपाटं असतात, स्टॅबिलिटी चेंबर म्हणतात. फ्रिजसारखी दिसतात, पण आत उन्हाळा असतो. त्यांत बाटल्या ठेवायच्या आणि वाट बघायची. ठरलेल्या दिवशी एक काढायची, यंत्रात घालायची. यंत्र कागदावर एक रेघ काढतं. प्रत्येक पदार्थाची एक टेकडी. टेकडी जितकी मोठी तितका पदार्थ जास्त. आम्ही मुख्य टेकडी मोजतो आणि बाटलीला किती आयुष्य द्यायचं ते ठरवतो. आयुष्य वाट बघण्यात गेलं म्हटलं तरी चालेल. त्याचा पगार मिळत होता, एवढंच.

गिऱ्हाइकांच्या तक्रारीही शेवटी माझ्याच टेबलावर यायच्या. मारतहळ्ळीच्या एका आयटीवाल्या पुणेकराचा फोन मला अजून आठवतो. "मॅडम, अॅक्च्युअली रिव्ह्यू खूप चांगले होते, पण काहीच होत नाहीये."

"कशासाठी घेताय तुम्ही?"

"पाठीसाठी."

"मग पाठ कशी आहे?"

"पाठ मस्त आहे हो. पण काहीच होत नाहीये ना!"

एका बाईंनी तर जावयाचा स्वभाव सुधारेल का असं विचारलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर तोच आहे."

माझी ऑफिसात एक ख्याती होती, ती पुढच्या गोष्टीसाठी सांगणं भाग आहे. एकदा गणपतीच्या सुट्टीत एक चेंबर बंद पडलं. तापमान किती घसरलं होतं आणि किती वेळ, हे फक्त मला माहीत होतं. चेंबर परत चालू करून मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी स्वतःच लेखी कळवलं आणि कित्येक महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. साहेब चिडले, पण नंतर बाहेरचे तपासनीस आले की मला पुढे करून म्हणायचे, "ह्या आमच्या खरं सांगणाऱ्या मॅडम." मला ते आवडायचं. नाही म्हणत नाही.

म्हणूनच मी जे लिहून दिलं ते लोकांनी खरं मानलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची प्रयोगशाळा शहराबाहेर, जिगणीच्या बाजूला आहे. एक दिवस रिसेप्शनवरून निरोप आला, कुणी गृहस्थ बाटली घेऊन स्वतः आले आहेत. तक्रारीची बाटली कुरिअरनं येते. ती घेऊन कुणी दोन बस बदलून येत नाही. मी खाली गेले. पन्नाशीचे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातरुमालात बाटली गुंडाळून ती दोन्ही हातांत धरलेली. हात किंचित कापत होते.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि चेहरा खुलला.

"मॅडम मराठी का? आम्ही पण मराठीच. चामराजपेटचे. म्हणजे तुम्ही म्हणाल हे कसलं मराठी! पिढ्या झाल्या इकडं येऊन, स्वल्प कन्नड मिसळून गेलंय."

हे रघुअण्णा. बाटली त्यांच्या मोठ्या बहिणीची, अक्कांची. अक्कांना उजव्या खांद्यावर नागीण उठली होती. नागीण गेली, पण आग मागे राहिली. हात खांद्याच्या वर जात नव्हता. अक्कांचा मुलगा सतीश बँकेत, सून शाळेत शिकवायला. दिवसभर घरात अक्का आणि हे. तेलाचे थेंब देण्याचं काम यांच्याकडे.

"तेलाला काय झालं?" मी विचारलं.

"तेच तुम्ही बघायचं. नवी बाटली आली की पहिले पंधरा दिवस अक्का झोपते हो. मग आग परत सुरू. मागच्या बाटलीला पण असंच. डॉक्टर म्हणतात, तेल तेच आहे. मी म्हटलं, तेल तेच आहे तर अक्का का रडते?" त्यांनी रुमाल सोडला. "नीट बघा मॅडम. काहीतरी चुकतंय."

बाटली अर्धी रिकामी होती. झाकणाच्या रबरी बोंडावर कुंकवाचं बोट होतं.

मी ती वर नेली, हातमोजे चढवले, आणि पहिली गोष्ट काय केली तर स्पिरिटच्या बोळ्यानं ते कुंकू पुसलं. बाटली उघडण्याआधी ती बाहेरून स्वच्छ करायची, हा नियम. बरोबरच नियम आहे. हाताला इतकी सवय की आपण काय पुसतोय हे डोळ्यांना दिसत नाही.

यंत्रानं रेघ काढली. मुख्य टेकडी खुजी झाली होती, जितकी हवी त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या आम्ही राखून ठेवतो, त्यांतली एक काढून तपासली; ती ठणठणीत. म्हणजे आमच्याकडून निघाली तेव्हा ही बाटली चांगली होती. जे झालं ते बाहेर झालं. मी अहवाल लिहिला: मुख्य घटक कमी, राखीव नमुना योग्य, बाहेर साधं तेल मिसळलं गेलं असण्याची शक्यता. खाली सही.

अहवाल सतीशच्या पत्त्यावर गेला, कारण औषध त्याच्या नावानं मागवलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन.

"मॅडम, 'साधं तेल मिसळलं' म्हणजे काय? कुणीतरी यातलं काढून घेतलं आणि वर तिळाचं तेल ओतून ठेवलं, असंच ना?"

"ती शक्यता नाकारता येत नाही."

हे आमच्या धंद्यातलं वाक्य. ते 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. ऐकणारा आपल्याला हवं ते त्यात ऐकतो.

सतीश म्हणाला, "सरी. समजलं. घरात हे कोण करेल ते आम्हाला ठाऊक आहे."

मी विचारलं नाही, कोण. कापणारे हात मी पाहिले होते. मला वाटलं, असेल. जो माणूस चोरी करतो तो चोरलेला माल तपासायला दोन बस बदलून स्वतः कशाला आणेल, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नाही. यंत्राचा आकडा पुढ्यात असला की माणसाकडे बघायचं राहून जातं.

काही महिन्यांनी सतीशचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"मॅडम, एक विचारायचं होतं. मामा आता आमच्याकडे राहत नाही. त्या अहवालानंतर... जाऊ दे. पूर्वी तो फार प्यायचा. सात वर्षं सोडली होती, म्हणून आईनं घरात घेतला होता. आता तो गेला, कपाटाला कुलूप असतं, किल्ली आईच्या कमरेला. तरी तेल पंधरा दिवसांतच उतरतंय."

"कुठलं कपाट?"

"देवाचं. स्वयंपाकघरात भिंतीला आहे ना, शेगडीच्या बाजूला. तेल तिथंच असतं, दिव्यापाशी. शंकराचं औषध म्हणून देवाला दाखवल्याशिवाय आई थेंब घेत नाही."

तेव्हा मला ते कुंकू आठवलं.

आमच्या लेबलवर बेलाचं पान छापलेलं होतं. जाहिरात विभागाचीच कल्पना: गिऱ्हाइकाच्या मनातली नशा पुसायची आणि तिथं महादेव बसवायचा. मग एखाद्या बाईनं ते तेल महादेवापुढेच ठेवलं तर चूक कुणाची? आम्ही बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर, पलंगाशेजारी, गाडीत, बाईच्या पर्समध्ये कल्पून पाहिली होती. बंद दाराच्या देव्हाऱ्यात, अखंड तेवणाऱ्या दिव्याशेजारी कुणीच पाहिली नव्हती. चेंबरमधल्या आमच्या बाटल्या भरलेल्या आणि सीलबंद असतात. उघडल्यावर किती दिवस टिकेल, याची चाचणी मी केली होती ती वातानुकूलित खोलीत, टेबलावर. तिथं दिवा नव्हता.

"बघते," असं सतीशला सांगून मी जुनी रेघ पुन्हा काढली.

मुख्य टेकडीच्या शेजारी आणखी एक टेकडी होती. सीबीएनची. लहान नव्हती, चांगली डोळ्यांत भरेल एवढी. पहिल्या वेळीही तिथंच होती. अहवालाच्या नमुन्यात तिचा रकाना नव्हता, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

हे दुधाच्या उदाहरणानं सांगते, मी सगळ्यांना असंच सांगते. दुधात पाणी घातलं तर सगळंच पातळ होतं. साय कमी, गोडी कमी, सगळं सारख्या प्रमाणात. दूध नासलं तर गोडी जाते, पण तिच्या जागी आंबटपणा येतो. तेलात कुणी साधं तेल घातलं असतं तर सगळ्या टेकड्या सारख्या खुज्या झाल्या असत्या. इथं एक खचली होती आणि शेजारची वाढली होती. म्हणजे तेल कुणी प्यालं नव्हतं. ते बाटलीतल्या बाटलीत म्हातारं झालं होतं.

आता जे सांगायचं ते इथं आहे. पहिली चूक माझ्या हातून झाली. तिला चूक म्हणता येतं. दुसरी मी केली.

परवान्याच्या नूतनीकरणाची तपासणी तोंडावर होती, हे खरं. बाजारातल्या सगळ्या बाटल्यांच्या आयुष्यावर माझी सही होती, हेही खरं. पण मला गप्प बसा असं कुणीही सांगितलं नव्हतं. साहेबांना मी हे दाखवलंसुद्धा नव्हतं. मला फक्त कल्पना करवेना, की खरं सांगणाऱ्या मॅडम एका मराठी माणसाच्या घरी फोन करून म्हणताहेत, मी अर्धंच वाचलं.

सतीशला मी फोन केला आणि सांगितलं, "बाटली दिव्यापासून लांब ठेवा, उबेनं तेल मंदावतं. आणि दुखणं वयाबरोबर वाढतंही. मात्रेचं डॉक्टरांना विचारा."

"मग मामानं...?"

"त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही."

सांगू शकत होते. रेघ पुढ्यात होती.

त्यानंतर मी कामाला लागले, आणि काम चांगलं केलं. दुकानातून एक लाकडी देव्हारा आणून प्रयोगशाळेत ठेवला. सुरक्षा अधिकाऱ्यानं पेटता दिवा लावू दिला नाही, म्हणून आत एक बारीक बल्ब सोडला. "मॅडम, आरती किती वाजता?" असं सहकारी विचारायचे. एकानं खरंच खडीसाखर आणून ठेवली होती. अर्धी बाटली त्या देव्हाऱ्यात अगदी तशीच खचली, अगदी तशीच शेजारची टेकडी वाढली. मग आम्ही बाटल्या लहान केल्या, भरताना वरची हवा काढून तिथं नायट्रोजन भरायला लागलो, तेलात म्हातारपण लांबवणारं एक द्रव्य घातलं, उघडल्यानंतरची मुदत कमी केली. लेबलवर 'देवघरात दिव्याजवळ ठेवू नये' असं लिहा, हा माझा हट्ट होता. जाहिरातवाले म्हणाले, "देवघर शब्द नको हो मॅडम. लोकांना वाटेल देवानंच औषध बिघडवलं." शेवटी 'उष्णतेपासून दूर ठेवावे' यावर मिटलं. बेलाचं पान आहे तिथंच आहे.

आज ते तेल मी पाहिलेल्या अशा तेलांत सगळ्यांत जास्त टिकतं. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. तेल सुधारलं. माणूस तसाच राहिला.

आणखी एक. ती रेघ मी फेकली नाही. नाव काढून टाकून ती मी नव्या लोकांना शिकवायला वापरू लागले. पाणी घातलेलं दूध आणि नासलेलं दूध. माझ्या व्याख्यानातलं सगळ्यांत गाजणारं उदाहरण. यंदा अनिता नावाची एक सहकारी केरळातल्या कंपनीतून आमच्याकडे आली. तिनं व्याख्यान ऐकलं आणि शेवटी सहज विचारलं, "मॅडम, मग त्या घरी कळवलंत ना तुम्ही?"

"हो, अर्थात," मी म्हटलं.

समोर पंधरा-वीस माणसं बसली होती. कुणाला काही वाटलं नाही. मी दिवे लावले, चहाला चला म्हटलं. घरी जाताना जे. पी. नगरचं वळण माझ्या हातून चुकलं, पुढच्या सिग्नलवरून परत यावं लागलं.

त्या शनिवारी मी चामराजपेटला गेले.

सतीशनंच दार उघडलं. मी ओळख सांगितली. आत गेल्यावर समोर भिंतीला अक्कांचा फोटो होता, हार घातलेला. मला ठाऊक नव्हतं. "आठ महिने झाले," तो म्हणाला. "हृदयाचं. तेलाचा काही संबंध नाही, घाबरू नका."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं कॉफी आणून ठेवली, ती तशीच राहिली. सतीश ऐकत होता आणि मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घालत होता, मोडत होता, परत घालत होता.

"आईला कधी कळलं हे?" मी संपवल्यावर त्यानं विचारलं. "नाही ना कळलं? शेवटपर्यंत म्हणत होती, रघूनं मागितलं असतं तर मी दिलं असतं, चोरलं कशाला? मामा अंत्यविधीला आला तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मी आत बोलावलं नाही." घडी पुन्हा मोडली. "मॅडम, तुम्हाला किती दिवसांपासून ठाऊक होतं?"

"तुमचा दुसरा फोन आला त्या दिवसापासून."

तो उठून आत गेला. त्याच्या बायकोनं मला कागदावर पत्ता लिहून दिला आणि दारापर्यंत आली. "जवळच आहे," एवढंच म्हणाली.

खरंच जवळ होतं, दोन रस्ते सोडून. कॉफीपूड दळून देण्याचं दुकान, रघुअण्णा पुड्या बांधत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या मॅडम! केवढ्या लांब! अर्धा किलो देऊ?"

मी म्हटलं, "रघुअण्णा, तुम्ही ते तेल प्यायला नव्हता."

त्यांनी हातातली पुडी पूर्ण बांधली, दोरा तोडला, ती गिऱ्हाइकाला दिली. मग म्हणाले, "मला काय ठाऊक मॅडम? तुमच्या मशीनला ठाऊक."

"मशीननं बरोबर सांगितलं होतं. मी अर्धंच वाचलं. तेल दिव्याच्या उबेनं बिघडलं होतं. कुणीही त्याला हात लावला नव्हता."

"पण मी कबूल झालो होतो."

मला कळेना. "काय कबूल झालात?"

"अक्कापुढे. हो म्हटलं, मीच घेतलं असेल." ते शांतपणे सांगत होते, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. "तुम्हाला ठाऊक नाही मॅडम. पूर्वी मी रात्री काय केलं ते मला सकाळी लोक सांगायचे. याला मारलं, तिथं पडलास, हे विकलंस. मला काही आठवायचं नाही. पण ते जे सांगायचे ते खरंच निघायचं. मग मशीननं सांगितलं, तेल प्याला. मी म्हटलं, झोपेत उठून प्यालो असेन. आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं माझ्या बाबतीत कधी झालंच नव्हतं."

दुकानाच्या मालकानं यंत्र सुरू केलं. घरघर थांबेपर्यंत कॉफीचा गरम वास सगळीकडे पसरला. मी पर्समधून रेघेचा कागद काढून काउंटरवर पसरला आणि दुधाचं उदाहरण सांगितलं, ज्याच्या जिवावर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या होत्या. ते वाकून बघत होते. शेजारच्या टेकडीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही तेव्हापण होती?"

"होती."

"सरी," ते म्हणाले. बोट तिथून काढलं नाही. मग विचारलं, "म्हणजे मी प्यालो नव्हतो?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाले, "मी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? दारुड्याचं बोलणं. तुम्ही येऊन सांगाल? रविवारी."

रविवारी त्यांचा गट जमतो, दारू सोडलेल्यांचा. एका शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे स्टीलच्या टाकीत कॉफी. मी कधी चार माणसांपुढे आपणहून उभी राहिलेली नाही. व्याख्यान द्यायचं तर अंधार लागतो आणि मागे पडदा. तिथं सगळा उजेड होता. माझ्या तोडक्या कन्नडमध्ये मी सांगितलं: मी औषध तपासते, मी एक गोष्ट चुकीची लिहिली, मग ती चुकीची आहे हे कळल्यावरही गप्प बसले, आणि त्यामुळे यांचं घर सुटलं. शब्द अडला की रघुअण्णाच पुढून तो पुरवत होते. 'गप्प बसले'ला कन्नड शब्द त्यांनीच दिला.

कुणी मला बोल लावला नाही. तिथले लोक असल्या गोष्टी ऐकायला सरावलेले असतात.

मग पद्धतीप्रमाणे एकेकानं उठून आपलं नाव आणि किती काळ सोडली ते सांगितलं. त्या अहवालानंतर रघुअण्णांनी आपली वर्षं शून्यापासून पुन्हा मोजायला घेतली होती. आधीच्या रविवारपर्यंत ते 'चार' म्हणत होते, हे मला शेजारच्या गृहस्थांनी हळूच सांगितलं. त्यांची पाळी आली. ते उठले, खिशावरून हात फिरवला.

"रघू," ते म्हणाले. "अकरा वर्षं."

टाळ्या झाल्या. बऱ्याच वेळ झाल्या.

या लेखात सगळ्यांची नावं बदलली आहेत. मी रघुअण्णांना तसं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझं बदलू नका. रघूच लिहा. रघू म्हणणारे आता कोण उरलेत?" म्हणून ते तेवढं ठेवलं आहे. सतीश त्यांना भेटायला गेला की नाही ते मी विचारलेलं नाही. विचारण्याचा हक्क मला नाही.

त्या रविवारी मी गाडी नेली नव्हती; रघुअण्णा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता. ते म्हणाले, "ती बाटली आहे का हो तुमच्याकडे अजून?"

तक्रारीची बाटली मुदत संपली की नष्ट करतात. मी तसं सांगितलं.

"असू दे. परवा इल्ल." नंतर जरा थांबून म्हणाले, "झाकणावर कुंकू होतं, बघितलं होतं का तुम्ही?"

"बघितलं होतं. पुसलं मी ते. नियम असतो तसा."

ते मान हलवून रस्त्याकडे बघत राहिले. बस वळणावर दिसली तेव्हा म्हणाले, "अक्काचा हात वर जायचा नाही ना, देवापर्यंत. रोज सकाळी मीच लावायचो."